शनिवारची सही

ती घटना मला आजही आठवते. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होतो तेव्हाही आठवत होती. यातलं दुसरं वाक्य लिहायला मला निवृत्तीनंतरची बरीच वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. वऱ्हाडातून बदली होऊन मी पनवेल परिसरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून आलो होतो. बाजारपेठेत एका विधवा बाईंचं सहलींचं छोटं दुकान होतं. भाड्याची मिनीबस घेऊन त्या लोकांना कर्नाळा, पाली, महड, अलिबाग असं फिरवून आणत. प्रत्येक सहलीला प्रवाशाच्या कार्डावर पक्ष्याचा शिक्का आणि तारीख पडे. कार्ड भरलं की एक सहल फुकट. नवीन वसाहतींतल्या नोकरदारांच्या बायका आणि बेलपाड्याच्या शेतकरी-कोळी बायका एकाच बसमध्ये बसत. बाईंचे नियम कडक होते. बसमध्ये दारू नाही. पुढाऱ्याच्या माणसाला फुकट जागा नाही. आणि कार्ड भरून येणाऱ्याला मागची सीट द्यायची नाही. त्याला पुढची, खिडकीची. ‘फुकट येतोय असं त्याला वाटता कामा नये,’ असं त्या म्हणत.

गावातल्या एका मोठ्या ट्रॅव्हल्सवाल्या शेठने धंदा विकत मागितला होता. बाईंनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बेलपाड्याच्या बायका ठाण्यात आल्या. कार्डं भरली होती आणि बाई ती घेत नव्हत्या, ‘हे शिक्के माझे नाहीत’ म्हणत होत्या. मी तक्रार लिहून घेतली. दोनच दिवसांनी शेठचा माणूस खबर घेऊन आला.

“साहेब, बाई पळायच्या बेतात आहे. तिचे नातेवाईक परदेशात आहेत. आज दुकानाला कुलूप आहे, बघून घ्या. शनिवारी, गिऱ्हाईकाच्या ऐन दिवशी, दुकान कोण बंद ठेवतं?”

मलाही तेच वाटलं. एवढं वाटणं मला पुरलं, याचाच आज संताप येतो.

नेहमीचे दोन पंच घेतले आणि बाईंच्या घरी गेलो. नेहमीचे म्हणजे ठाण्यासमोरच्या टपरीवर बसलेले आणि लिहून दिलं तेवढंच कोर्टात बोलणारे. असे पंच प्रत्येक ठाण्याला असत आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे. बाई शांतपणे बाहेर आल्या.

“किल्ली खुंटीला आहे, साहेब. तुम्ही घ्या. कुलूपही तुम्हीच काढा.”

“तुमच्या हाताला काय झालंय?”

“काही नाही. आज शनिवार आहे.”

दुकानातून कार्डं आणि शिक्का जप्त केला. पंचनामा लिहिला आणि प्रत मिळाल्याच्या सहीसाठी बाईंपुढे पेन धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

“आम्ही शनिवारी लिहीत नाही. चांदण्या दिसल्या की सही करते. मी येईन ठाण्यात.”

माझा हवालदार म्हणाला, “साहेब, बाई आपल्याला भरदिवसा चांदण्या दाखवतायत.” पंच हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरातल्या होत्या. शनिवार पाळणं, म्हणजे त्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कुठलंही काम न करणं, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं. मी त्या गावात नवा होतो, हे कारण नाही. विचारायला तोंड होतं. मी पंचनाम्याखाली लिहिलं: ‘सही देण्यास नकार. कारण सांगितले नाही.’

संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर बाई खरोखरच ठाण्यात आल्या. मी त्यांना स्टुलावर बसवून ठेवलं, मग केबिनमधूनच सांगितलं, “आता गरज नाही. जा.”

सोमवारी बेलपाड्याच्या बायकांचे जबाब घेतले. त्यातली एक म्हातारी बोलायला खमकी होती.

“मावशी, कार्ड कुठे घेतलंत?”

“तिच्या दुकानाशी. दुकान बंद होतं, पन मानूस भायेर बाकड्यावर बसला होता. म्हनला, मी बाईचाच मानूस.”

“आणि सहलीला कधी गेलात?”

“शनवारीच. समदं टायम शनवारीच. आमी मावरं-मासळी इकतो रविवारी, मंग आमाला कुटला येल? खोटं नाय सांगत साहेब, माजी सून पन होती.”

मी तिचं कार्ड घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. प्रत्येक तारीख शनिवारची होती. इतर बायकांच्या कार्डांचंही तेच. बाईंच्या दुकानातल्या कार्डांवर मात्र शनिवारची एकही तारीख नव्हती. शेठने शनिवार निवडला, कारण त्या दिवशी बाई दुकानाकडे फिरकत नसत. ज्या बंद दाराचा त्याने फायदा घेतला, त्याच दाराने त्याला उघडं पाडलं होतं.

बाकड्यावरचा माणूस हा मला खबर देणाराच निघाला. दरडावल्यावर तो बोलला: शनिवारच्या बस शेठच बाईंच्या नावाने सोडत होता. नकली शिक्का शेठच्या गॅरेजमध्ये मिळाला. भरलेल्या कार्डांचा लोंढा पाठवायचा, बाई नाही म्हणाल्या की त्यांचं नाव बुडवायचं, असा बेत होता. फसवणूक आणि बनावटीचं दोषारोपपत्र मी स्वतः लिहिलं. मला त्याचा अभिमान होता.

खटला उभा राहिला तोवर खबऱ्याने जबाब फिरवला होता. गॅरेजच्या जप्तीचे पंचही फिरले होते. शेठच्या वकिलाचा मुद्दा एकच होता: शनिवारच्या बसही बाईच चोरून चालवत होती, आता धर्माचं नाव पुढे करते. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी साक्षी दिल्या. ‘घरचीच माणसं,’ म्हणून वकिलाने त्या झटकल्या. मग सरकारी वकिलांनी मला विचारलं, “पंचनाम्याच्या दिवशी बाईंनी सही न करण्याचं काही कारण सांगितलं होतं?”

सगळी केस या प्रश्नावर टेकली होती. शनिवारला काही महत्त्व आहे हे कुणालाच माहीत नसताना बाईंनी ते कारण सांगितलं होतं, आणि ते ऐकणारा पोलीस अधिकारी होता. ‘हो’ म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण मग माझ्या हातचं ‘कारण सांगितले नाही’ खोटं ठरत होतं, आणि माझं नाव बढतीच्या यादीत होतं.

मी म्हणालो, “आठवत नाही.”

शेठ संशयाचा फायदा मिळून सुटला. त्याच्या माणसांनी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले. एक पेढा माझ्याही हातात आला. तो मी खाल्ला नाही, पण फेकलाही नाही. खिशात ठेवला.

बाई जिन्यापाशी उभ्या होत्या.

“साहेब, संध्याकाळी मी आले होते. स्टुलावर बसवलंत तुम्ही मला. तेही आठवत नाही?”

मी टोपी नीट करत खाली उतरलो.

बेलपाड्यात त्यानंतर बोललं जाऊ लागलं की बाईने गरिबांना फसवलं आणि कोर्टानेही तेच म्हटलं. बस रिकामी जाऊ लागली. बाईंनी नियम सोडले नाहीत, शनिवार सोडला नाही. दुकान सोडलं. पुढे तिथे शेठची शाखा उघडली, ती शनिवारीही उघडी असे. मला बढती मिळाली.

या केसने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी इतकी वर्षं त्यांना तारखा आणि कॅलेंडरची गोष्ट सांगून टाळ्या घेत आलो. त्या टाळ्यांचा मला आता राग येतो. खोटं बोलायला लाच लागत नाही. आपलं जुनं वाक्य सांभाळायचं असलं तरी माणूस दुसऱ्याचं आयुष्य मोडतो, आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही.

तो पंचनामा आता सापडणार नाही. म्हणून दुरुस्ती इथे करतो. ‘सही देण्यास नकार, कारण सांगितले नाही’ हे मी खोटं लिहिलं. खरं असं: आज शनिवार आहे, चांदण्या दिसल्यावर सही करीन, असं बाईंनी माझ्यासमोर आणि पंचांसमोर स्पष्ट सांगितलं. चांदण्या दिसल्या, आणि त्या आल्या.