सुभेदारांची मिशी

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत मी सव्वीस वर्षांचा होतो, वजन अठ्ठेचाळीस किलो, आणि माझं कुणी ऐकत नसे. माधवनगरला एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायचो. मी बोलायला लागलो की कुणीतरी हमखास पंखा वाढवायला उठायचं. सांगलीच्या हौशी नाटकमंडळीत सहा वर्षं मला एकच काम होतं: चहाचा ट्रे आणून ठेवणे आणि जाणे.

अशात विश्रामबागेकडे इंटरनेट कॅफे निघाला. प्लायवूडच्या खोक्यात बसायचं, मोडेम किंचाळून शांत होईपर्यंत थांबायचं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत चॅटरूममध्ये शिरायचं. शिरल्या शिरल्या प्रश्न: वय काय, बाई की बुवा, राहणार कुठले. तिथे सगळेच एकवीस वर्षांचे आणि सगळेच पुण्या-मुंबईचे होते. म्हटलं, त्या गर्दीत आपण कशाला? मी लिहिलं: अठ्ठावन्न, पुरुष, रहिमतपूर, निवृत्त सुभेदार.

काय जादू झाली म्हणता! आतापर्यंत वाट्टेल ते लिहिणारी पोरं सावरून बसली. काका म्हणू लागली. एकाने गुडघेदुखीवर उपाय विचारला, मी छातीठोकपणे सांगितला. तिसऱ्या रविवारी तर मी खोक्यातसुद्धा पाठ ताठ करून बसायला लागलो होतो.

त्यातच साताऱ्याच्या एका कॅफेतून एक मुलगी बोलू लागली. तिचं तिथलं नाव चिमणी. कोरेगावकडची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. दर रविवारी सकाळी अकराला यायची. एकदा तिने लिहिलं, "तुमच्याशी बोलताना भीती वाटत नाही, काका." त्या वाक्याने मी आठवडाभर खूश होतो आणि त्याच वाक्याने आठवडाभर मला घास गेला नाही.

तिला पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा वर्षाचा कोर्स करायचा होता. वडील निवृत्त हवालदार. त्यांनी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं, मे महिन्यात लग्न. सुभेदारांनी सल्ला दिला की पुण्याला जा. देणारच, सल्ल्याला काय लागतं? मार्चमध्ये तिचा निरोप आला: आबांना सांगितलं की एक सुभेदार मला शिकू द्या म्हणतायत. आबा म्हणाले, सुभेदारांनी समोर येऊन सांगितलं तर ऐकेन. येत्या रविवारी, साताऱ्याच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये.

तिकडच्या गावांत हुद्दा वर्दीबरोबर उतरत नाही. पेन्शनीत वीस वर्षं झालेला हवालदारसुद्धा सुभेदार बसल्याशिवाय बसत नाही. सख्ख्या भावाचं न ऐकणारा माणूस सुभेदाराचं ऐकतो. गेलो नाही तर मुलीचं लग्न होणार होतं. खरं सांगितलं तर आणखी लवकर होणार होतं. मी नाटकमंडळीची ट्रंक उघडली.

पांढरी मिशी डिंकाने चिकटवली, केसांत पावडर चोळली, सांगलीहून सकाळची एसटी धरली. पन्नाशीच्या एका टकल्या गृहस्थाने "या आजोबा" म्हणत मला खिडकी दिली. रंगमंचावर सहा वर्षांत मिळाली नव्हती ती दाद! पण नाटकातली मिशी दिव्यांसाठी असते, मार्चच्या उन्हासाठी नाही. कराडला उजवं टोक सुटलं, ते थुंकीने बसवलं. पुढे सगळा रस्ता मी जाड आवाजात "राम राम" घोकत होतो आणि दर थांब्याला उतरून परत जावंसं वाटत होतं.

कँटीनमध्ये चिमणी कोपऱ्यात बसली होती, शेजारी आबा. कपाळावर टोपी, पायात काळे, चकचकीत बूट. मला बघताच ते उठले, टाचा जुळवल्या. "राम राम, साहेब."

आता मी नुसतं राम राम म्हणून बसायचं होतं. पण समोर वडीलधारा माणूस उभा, आणि आईने लहानपणापासून लावलेली सवय. मी काही ठरवायच्या आत माझी कंबर वाकली. मी हवालदारांच्या पाया पडलो.

उठलो तेव्हा त्या काळ्या बुटांवर पांढरी पावडर सांडलेली होती आणि अर्धी मिशी माझ्या ओठावरून लोंबत होती.

आबांनी आधी बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वय काय रं तुझं?"

"सव्वीस."

चिमणी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होती. मी परकाच होतो.

"बघितलंस?" आबा तिला म्हणाले. "ह्ये तुझं काम्पुटर." आणि पिशवी उचलली.

मी मिशी ओढून काढली, कातडीसकट. माझ्या मूळच्या पिचक्या आवाजात म्हणालो, "मी खोटा आहे. पण सांगितलं ते खोटं नव्हतं. तिला पाठवा पुण्याला."

"मग मिशी कशापायी?"

"माझं कुणी ऐकत नाही."

आबा हसले नाहीत, पण निघालेही नाहीत. तेवढ्यात चिमणी खाली बघत बोलली. "आबा, चार महिनं बोलतेय ह्यांच्याशी. एकदाबी नाव विचारलं न्हाई. बघायला आले त्यांनी उंची विचारली, चष्मा हाय का विचारलं, चालून दाखव म्हणाले."

खरं कारण असं की तिचं नाव विचारलं असतं तर मला माझं सांगावं लागलं असतं. पण कधी गप्प बसायचं, एवढं सुभेदाराला कळतं.

आबांनी खाली बसून रुमालाने बूट पुसले. सावकाश, दोन्ही. "तू जा. तुझी गाडी लागली आसंल," एवढंच म्हणाले. हो नाही, ना नाही. परतीच्या गाडीत कुणी खिडकी दिली नाही.

पुढचे सगळे रविवार मी खोक्यात बसून काढले. चिमणीचं नाव दिसेना. मे आला. बाहेर वराती वाजायच्या आणि मी दर वाजंत्रीला दचकायचो. जून संपता संपता निरोप आला: "पुण्यात आहे. कोर्स सुरू झाला."

आनंदाने मला काय करू नि काय नको असं झालं. आता लपाछपी बस, असं ठरवून मी नवं खातं उघडलं. स्वतःचं नाव, खरं वय, खरं गाव. लांबलचक माफी लिहिली, शेवटी पुण्यात भेटायचंही सुचवलं. आठवड्याने दोन ओळी आल्या.

"तुम्हाला मी ओळखत नाही. काकांना सांगा, रविवारी अकराला येते."

नवं खातं मी परत उघडलं नाही. रविवारी पावणेअकरालाच कॅफेत जाऊन, अठ्ठावन्न वर्षांचा होऊन, पाठ ताठ करून बसलो.