पुठ्ठ्यावरचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, ते तिला ओळखणारे जाणतात.

मी जात्याच संशयी. अमेरिकेत, हिल्सबरोत माझी फार्मसी आहे, आणि तिथे संशय कामाचा असतो. प्रिस्क्रिप्शनवरची सही निरखावीच लागते. पण शटर ओढल्यावर तो दुकानात ठेवून येता येतो का? मला नाही जमलं. कुणी प्रेमाने दिलेल्या मिठाईच्या डब्यावरही मी आधी तारीख बघतो. तुम्ही हे एवढं मन लावून का वाचताय — हाही प्रश्न मला पडतोच आहे.

सल्मा माझ्याकडे काउंटरवर असते. सुदानची. तिकडच्या लढाईत तिचं गाव वेढ्यात सापडलं, बाजार संपला, लोक गुरांची पेंड खाऊ लागले. तिचा भाऊ यासिर गल्लीतल्या लोकांना घेऊन रोज एक मोठं पातेलं चढवायचा — ज्वारीची लापशी, डाळ, मिळेल ते. मोठ्या संस्थांचे ट्रक गावाबाहेरच अडवलेले. आत पोचायचे ते फक्त फोनवरून पाठवलेले पैसे. आमच्या मराठी मंडळाने दिवाळीतल्या वडापावच्या स्टॉलची कमाई त्या पातेल्यासाठी द्यायची ठरवली. पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. पातेलं खरंच आहे का? की सगळं बंदूकवाल्यांच्या घशात जाणार? सल्माने इतक्या वर्षांत माझ्या दुकानातली एक गोळी इकडची तिकडे केली नव्हती — तरीही. मी तिला म्हणालो, "कमिटीला फोटो लागतो. पातेलं, रांग आणि पुढे मंडळाच्या नावाची पाटी." आपल्याकडे चार वह्या वाटल्या तरी बॅनर धरून फोटो काढतात. मला त्यात वावगं काय वाटणार?

ती म्हणाली, "तिथे कुणी फोटो काढत नाही. नाक्यावर बंदूकवाले फोन तपासतात."

मला काय वाटलं, सांगू? सापडली — हेच वाटलं. मी पैसे अडवून धरले.

शेवटी फोटो आला. पुठ्ठ्यावर आमच्या मंडळाचं नाव, देवनागरीत. मी पाठवलेली अक्षरं यासिरने बघून बघून कोळशाने काढली होती; वरची रेघ मध्येच तुटलेली. मागे भांडी घेऊन उभ्या बायका. मी पैसे पाठवले, फोटो ग्रुपवर टाकला. खूप कौतुक झालं.

काही दिवसांनी नाक्यावर यासिरचा फोन तपासला गेला. ही कुठली लिपी, पैसे कोण देतं, कुणाचा हेर तू — असं विचारत त्याला घेऊन गेले. त्याच्या सोबत्याने सल्माला कळवलं. तो परत आला नाही. पातेलंही बंद पडलं. त्या बायकांनी मग काय खाल्लं असेल? मी कधी विचारलं नाही. हिंमत नव्हती.

सल्मा अजून माझ्याकडेच काम करते. मध्यंतरी औषधं लावता लावता म्हणाली, "कमिटीवर माझा राग नाही. आणि तू त्यांना समजवायचा खूप प्रयत्न केला असशील, माहीत आहे मला."

मी मान डोलावली.

कमिटीने फोटो मागितलाच नव्हता. तिथे सगळ्यांचं एकच म्हणणं होतं — आधी पैसे पाठव, लोक उपाशी आहेत. फोटो मला हवा होता.