सरांच्या खुर्चीवर

एक बाई माझ्या तोंडावर थुंकली. सर म्हणाले, "छान. आत काही ठेवू नका."

मी पुसलं नाही. खुर्चीवर बसलं की हलायचं नाही, बोलायचं नाही, रडायचं तर नाहीच, असं सरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती बाई बँकेत कामाला होती. हळू बोलणारी. आत येताना माझ्याकडे बघून हसलीसुद्धा होती. मी तिची सासू नव्हते. तिची सासू कल्याणला आपल्या घरी धडधाकट होती. मी सरांच्या दवाखान्यातली फरशी पुसणारी. पण त्या तासापुरती मी सासू होते. तिला घरी जे बोलता आलं नाही ते सगळं माझ्यावर आलं.

हे अंबरनाथचं. दोन हजार चार-पाच साल असेल. त्याआधी मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सचे धागे कापायची. तो कारखाना बंद पडला. नवरा आधीच गेलेला. पदरात एक मुलगी. शेजारणीने सांगितलं, स्टेशनजवळ एक सर आहेत, झाडू-पोछाला बाई हवी आहे. मी गेले.

सर आधी नट होते. दाराच्या आत भिंतभर त्यांचे फोटो. राजाच्या पोशाखातले, भिकाऱ्याच्या पोशाखातले. एक टीव्हीच्या मालिकेतला, इन्स्पेक्टरचा. दोन वर्षं लोक त्यांना ओळखत होते. रिक्षावाले हाक मारायचे, "ओ इन्स्पेक्टर!" मग मालिकेत इन्स्पेक्टरला गोळी लागली आणि सरांना कुणी बोलावलं नाही. ते घरात बसून राहिले. मग कसलासा कोर्स करून आले आणि दारावर पाटी लावली, मानसोपचार व समुपदेशन. हे सगळं ते पेशंटला स्वतःच सांगायचे. शेवटी वडिलांचं सांगायचे. वडील गेले त्याच दिवशी ते रंगमंचावर उभे राहिले होते आणि लोकांना हसवत होते. 'हसवत होतो' म्हटल्यावर थांबायचे. डावा डोळा ओला व्हायचा. मी फोटोंवरची धूळ पुसत ते पन्नासदा ऐकलं. दर वेळी तिथेच थांबायचे. दर वेळी डावाच डोळा.

खोटं लिहिणार नाही. लोक हलके होऊन जायचे. येताना खांदे पडलेले, जाताना चप्पल घालताना गुणगुणायचे.

त्यांची पद्धत नाटकातली होती. ज्याच्यावर राग आहे त्याला समोर बसवायचं आणि बोलायचं. समोर बसायला मी. ट्रंकेत कपडे होते. सासूचं लुगडं, बापाची टोपी, साहेबाचा कोट. मी ते घालायची. माझ्या गळ्यात निळ्या दोऱ्यातलं पदक असायचं, बापाने दिलेलं. माझ्या बापाच्या घरात दीक्षेनंतर कुणी कुणापुढे वाकलं नव्हतं. सर म्हणाले, "ते आत टाक मावशी. पेशंट बिचकतात." मी आत टाकलं. सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मला मावशी म्हणायचे. नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

सेशन संपलं की सर पेशंटला उभं करायचे. दोन्ही हातांनी खांद्यापासून खाली झटकायला लावायचे, अंगावरची माती झाडावी तसं. मग आपलं पूर्ण नाव तीन वेळा मोठ्याने घ्यायचं. ते समजावून सांगायचे, "आम्ही नट मेकअप उतरवल्याशिवाय घरी जात नाही. रोल अंगात राहिला तर तो घर खातो."

पेशंट झटकून जायचे. मी लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवायची आणि घरी जायची.

एका संध्याकाळी मुलीच्या हातून डाळ सांडली. मी म्हटलं, "तुझ्यामुळे माझं आयुष्य सडलं, नालायक." हे शब्द माझे नव्हते. त्याच दुपारी एक माणूस ते मला बोलून गेला होता. मुलगी भिंतीला लागली. म्हणाली, "आई, तू कुणासारखी बोलतेस?"

मी खाली बसून ती डाळ पुसली.

दुसऱ्या दिवशी सगळं बळ एकवटून मी सरांना म्हटलं, "सर, मलापण झटकायला सांगाल का?"

ते खळखळून हसले. "तुला कशाला गं? तुझ्या अंगात काय राहणार? कोरी पाटी तू. म्हणून तर बसवतो."

मी पण हसले. तेच मला अजून लागतं, की मी हसले.

मग तो बदलापूरचा माणूस यायला लागला. जमिनी विकून मोठा झालेला. हातात दोन मोबाईल. त्याची मुलगी घर सोडून गेली होती, त्याचं तोंड बघत नव्हती. एकदा मी त्याची बायको म्हणून बसले तर त्याने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. सर म्हणाले, "धरू द्या, येऊ द्या बाहेर." आठ दिवस मनगट काळंनिळं होतं. त्याच्या ओळखीने सरांना मोठी जागा मिळणार होती.

तो गेल्यावर सर म्हणाले, "मावशी, तुझी पोरगी केवढी?"

"अकराची."

"बरोबर तेवढीच हवी. त्यांना मुलगी लहान असतानाचीच समोर पाहिजे. उद्या आण. नुसतं बसायचंय. एक दिवस शाळा बुडली तर काय होतं?"

माझी मान हलली. माझी मान नेहमीच हलायची.

घरी सांगितलं तर मुलगी खूश. "टीव्हीतल्या सरांकडे? मी काय करायचं?" मी म्हटलं, नुसतं बसायचं. ती चुलीपाशी पाटावर बसली. हात मांडीवर, नजर खाली, खांदे आत. "अशी बसू का?" तिने मला खुर्चीवर कधी पाहिलं नव्हतं. तरी हुबेहूब मी बसले होते तिथे. अकरा वर्षांची.

मी तिला हाताला धरून उठवलं. सकाळी हाताला धरूनच शाळेत सोडलं. मग एकटी गेले.

बदलापूरचा माणूस येऊन बसलेला. खुर्ची मांडलेली. खुर्चीवर एक फ्रॉक.

सरांनी विचारलं, "मुलगी कुठाय?"

"येणार नाही."

सरांनी आधी गोड आवाज काढला. मग मला वडिलांचं सांगायला लागले. माझ्यासाठी. मी त्यांच्या डोळ्याकडे बघत राहिले. 'हसवत होतो' म्हणाले आणि थांबले. डावा डोळा ओला झाला. तेव्हा माझ्यातली भीती कुठेतरी गळून पडली. हा माणूस ऐकत नव्हता. ऐकण्याचं कामसुद्धा तो करून दाखवत होता.

मी हलले नाही तशी इन्स्पेक्टरचा आवाज आला. "विसरलीस कोण आहेस? तुमच्यातल्या बाईला कोण खुर्चीवर बसवतं? मी बसवलं."

मी पदक बाहेर काढलं. दोन्ही हात खांद्यापासून खाली झटकले. एकदा. पुन्हा.

म्हटलं, "मी कुणाची सासू नाही. कुणाची बायको नाही. कुणाचा बाप नाही." मग माझं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. पहिल्यांदा तोंडातच राहिलं. दुसऱ्यांदा त्या माणसाने मान वर केली. तिसऱ्यांदा जिन्यापर्यंत गेलं.

तो फ्रॉक उचलून ट्रंकेत टाकला आणि खाली उतरले.

सरांची जागा आता मोठी आहे. पाटी मोठी आहे. इतक्या वर्षांनी माझ्या जागी पुन्हा एक नवीन बाई लागलीय, भाजी घेताना दिसली. पदर डोक्यावरून, नजर खाली. मनगटावर पट्टी. तिच्यासोबत एक लहान पोरगी होती.

चौथीपर्यंत शिकले. वहीत एवढं लिहायला मला चार दिवस लागले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजून शब्द अडतात. अडू दे. ती बाई अकराला कामावर येते. उद्या साडेदहापासून मी सरांच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहणार आहे. आधी तिचं नाव विचारीन. मग झटकायचं कसं ते दाखवीन. ती वर गेली तर परवा उभी राहीन.