मेस्त्रींची अट

मेस्त्री स्वभावाने गरीब, पण मोटारसायकलच्या बाबतीत खाष्ट. सगळी उमर त्यांनी गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात जुन्या ब्रिटिश गाड्यांची दुखणी काढली, आणि मोबदल्यात त्या गाड्यांनी त्यांचा उजवा गुडघा घेतला. किक मारून मारून त्याची पार वाट लागली. शेवटी डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण किकला पाय लावायचा नाही. हे ऐकून मेस्त्रींचा चेहरा असा पडला, की आपण चुकून भलताच रिपोर्ट वाचला की काय, असं डॉक्टरांना वाटलं.

गॅरेज त्यांनी निमूट मोकळं केलं. स्वतःची गाडी मात्र सुटेना. पाचशे सीसीची, एका सिलिंडरची, काळ्या टाकीची ही गाडी त्यांनी भंगारातून उचलून उभी केली होती. ती राहायची पुढच्या खोलीत, चपलांच्या मांडणीशेजारी. बायको तिला विलायती सासू म्हणायची. खायला वेळेवर लागतं, मर्जी सांभाळावी लागते आणि जरा चुकलं की लाथ बसते, असं तिचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. अशी गाडी नुसती उभी ठेवली की ऑइलच्या वेगळ्या टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनच्या पोटात उतरतं, म्हणून अधूनमधून इंजिन चालवावंच लागतं. बायकोने एकदा किकवर उभं राहून पाहिलं. किक जागची हलली नाही. ‘हिला मी पसंत नाही,’ म्हणून ती उतरली. मग मेस्त्री खाली बसून ऑइल काढायचे आणि पुन्हा वर टाकीत ओतायचे. याला काही अर्थ नव्हता, आणि ते त्यांनाही कळत होतं.

शेवटी गाडी विकायची ठरली. पण मेस्त्रींनी अट घातली, की कुणी न सांगता जो सुरू करेल त्यालाच ती मिळेल. वरवर पाहता अट रास्त होती. आतून मात्र त्यांना वाटायचं, कुणालाच जमू नये. येणारे यायचे, धपाधप किका मारायचे, घामाघूम होऊन परत जायचे. मेस्त्री खुर्चीत बसून हळहळायचे आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. बायकोला हे कळत नव्हतं थोडंच!

मग एका सकाळी बेकरीवाला आला. पहाटेपासून भट्टीपुढे राबलेला, भुवयांत अजून मैदा. वडिलांकडे अशीच गाडी होती, एवढंच तो बोलला. त्याने गाडी दाराबाहेर काढली, पेट्रोलचा कॉक उघडला, बोटांवर पेट्रोल येईपर्यंत कार्बोरेटरचं बटण दाबलं. किक हलक्या पायाने खाली नेत नेत ती अडली तिथे थांबला. मग छोटा लिव्हर ओढून आतला दाब सोडला, किक जराशी पुढे नेली आणि वर येऊ दिली. मेस्त्री खुर्चीतून पुढे झुकले. हा गडी तयारीचा होता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष हँडलवरच्या डाव्या दांडीकडे गेलं. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे ती दांडी ठरवते. सुरू करताना ती मागे हवी. पुढे राहिली तर इंजिन उलटं फिरून किक अंगावर येते, आणि अशा किकने मोडलेले घोटे मेस्त्रींनी पाहिले होते. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी दांडी मागे घेऊन ठेवायचं काम ते स्वतः करायचे. आज हँडल पुसताना ती पुढे गेली होती आणि तशीच राहिली होती. विसरले म्हणावं, तर ही गोष्ट ते आजवर कधी विसरले नव्हते.

बेकरीवाल्याने अंगाचा भार उचलला. एवढं एक सांगितलं की हा गाडी सुरू करणार, हे मेस्त्रींना लख्ख दिसत होतं. गप्प बसलं तर गाडी घरात राहणार होती आणि त्याचा पाय जाणार होता.

“थांबा,” ते म्हणाले. “डावीकडची दांडी मागे घ्या. पूर्ण.”

त्याने घेतली आणि एकच लांब किक मारली. इंजिन खोकलं, निळा धूर सोडला आणि धडधडू लागलं. किती महिन्यांनी तो आवाज कानावर पडत होता! बायको हात पुसत बाहेर आली.

बेकरीवाला मात्र खूश दिसेना. “तुम्ही सांगितलंत म्हणून जमलं,” तो म्हणाला. “अट मोडली. मी पुन्हा येतो, नीट शिकून.” आणि त्याने इंजिन बंद करायला हात पुढे केला.

गिऱ्हाईक आपल्या तोंडाने गाडी परत करत होतं. मेस्त्रींनी नुसती मान हलवायची होती. ‘बरं’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्यांची नजर बेकरीवाल्याच्या पायावर गेली. धडधाकट पाय, जमिनीवर टेकलेला.

“बंद करू नका,” ते म्हणाले. “घेऊन जा.”

अडलं तर हाक मारा, पाय गेला तरी तोंड शाबूत आहे, असंही त्यांनी सांगितलं. बेकरीवाला गेला. कोपऱ्यापलीकडेही आवाज बराच वेळ येत राहिला, मग तो वाहनांच्या गलक्यात मिसळून गेला. मेस्त्रींचे डोळे वाहू लागले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

बायको शेजारी येऊन बसली. ‘दांडी मागे घ्या’ हे तिने आतून ऐकलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात दांडी कुठली आणि कशाची, हे तिलाही पाठ झालं होतं.

“दांडी मुद्दाम पुढे ठेवली होतीत का हो?” तिने हळूच विचारलं.

“माहीत नाही गं,” मेस्त्री म्हणाले. “म्हणूनच दिली.”