चार नंबरच्या गाळ्यातली भातलावणी

काल्हेरच्या केसरीनाथ तरे यांना कशाचं दुःख होतं म्हणाल, तर कशाचंच नव्हतं. कशाचं सुखही नव्हतं. तेच त्यांचं दुखणं.

त्यांच्या भातशेतीवर गोडाऊनचे चार गाळे उभे राहून अकरा वर्षं झाली. मुलगा कुणाल धंदा बघायचा, सून विनिता शाळेत शिकवायची. आता, एकोणसाठाव्या वर्षी, केसरीनाथांच्या हाताला कामच उरलं नव्हतं. उजाडायच्या आत बांधावर असणारा हा माणूस दहा-दहा वाजेपर्यंत लोळू लागला. जागे झाले की मोबाईल, एकामागून एक व्हिडिओ.

"बाबा, कालवण बिघडलं का?" अर्धं ताट तसंच राहिलेलं बघून विनिता विचारायची.

"न्हाय गो. कालवण चांगला हाय. मनाच चव लागत न्हाय."

कुणाल जिमला जाणारा. त्याने दोन बाटल्या आणून ठेवल्या. "बाबा, माणसाला काही करावंसं वाटतं ना, ते मेंदूतल्या डोपामिनमुळे. याने ते वाढतं. रोज दोन्हींतली एकेक." एका बाटलीवर कुयलीच्या बियांचा अर्क असं लिहिलं होतं. अंगाला लागली तर खाजवून जीव जातो, तीच कुयली. केसरीनाथांना हसू आलं, पण त्यांनी गोळ्या सुरू केल्या.

आठव्या दिवशी ते सहाला उठले. अंगण झाडलं, बाईक पुसली. दोन गोळ्यांनी इतकं होतं, तर सहांनी किती होईल? हा हिशेब त्यांनी कुणालाच सांगितला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते चार नंबरचा गाळा बघायला गेले. भाडेकरू गेल्यामुळे तो रिकामा होता. त्यांनी शटर वर केलं. छताच्या पारदर्शक पत्र्यातून पांढरा उजेड खाली येत होता. पार पलीकडच्या भिंतीपाशी पाच बाया ओणव्या होत्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाठी केसरीनाथांकडे. हात खाली जात, सिमेंटमध्ये काहीतरी खोवत, वर येत. आवाज मात्र कसलाच नव्हता.

"कंच्या गो तुमी?"

कुणी वळलं नाही. त्यांनी डोळे चोळून पाहिलं, तर बाया नव्हत्या. कोरडी जमीन होती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. भीती होतीच, पण जायची ओढ भीतीहून मोठी होती. कितीतरी वर्षांनी त्यांना काहीतरी हवंसं वाटलं होतं. बाया तिथेच होत्या, फक्त थोड्या अलीकडे. भात लावताना बाया मागे मागे सरकत येतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. या बाया त्यांच्याच दिशेने सरकत होत्या.

ते रोज दुपारी खुर्ची टाकून बसू लागले. तोंड एकीचंही दिसलं नाही. सहाव्या दिवशी बांगड्या वाजल्या. सातव्या दिवशी मधल्या बाईची टाच त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर होती. टाचेवरचा चिखल ओला होता. तिचा हात थांबला. तिने तो कमरेवर ठेवला आणि ती हळूहळू सरळ होऊ लागली.

त्यांची किंकाळी शेजारच्या गाळ्यातल्या हमालांनी ऐकली. विनिता धावत आली, तेव्हा ते शटर ओढून त्याला पाठ लावून बसले होते.

"ती वलणार होती," ते म्हणाले. सगळं ऐकून घेतल्यावर विनिताने एकच विचारलं, "बाबा, गोळ्या किती घेता?"

त्यांनी सहा बोटं दाखवली.

भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाटल्या वाचल्या. "कंपवाताच्या रोग्यांना आम्ही जे औषध मोजूनमापून देतो, तेच द्रव्य कुयलीच्या बीत असतं. प्रमाण वाढलं की नसलेली माणसं दिसू शकतात. या आजपासून बंद." तपासणीत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले. "बाकी सकाळचं ऊन, चालणं, झोपेची ठरलेली वेळ. अंडी, मासळी, डाळ. मोबाईल कमी. याने सावकाश फरक पडेल. महिन्याने या. मन असंच राहिलं तर त्यावरही इलाज आहे, लाजायचं नाही."

कुणालचा चेहरा उतरला होता. "मी एकेकच सांगितली होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आठवड्याने केसरीनाथ विनिताला घेऊन गाळ्यात गेले. आत काही नव्हतं.

"गेल्या," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "तिचा तोंड बगाचा रायला गो."

विनिताने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि कुलूप स्वतः लावलं.

पहिले दोन महिने कोरडेच गेले. शिक्षा भोगावी तसे ते रोज सकाळी खाडीपर्यंत चालत. मग शेजारचा हरेश सोबत येऊ लागला. तो अखंड बडबडतो, मध्ये श्वासही घेत नाही. परवा त्याच्या एका फालतू विनोदावर केसरीनाथ इतके हसले, की दोघांना बंधाऱ्यावर बसावं लागलं.