‘ठीक आहे’ची पाटी

आमच्या सुतारमामांइतका स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस रेणापुरात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी इच्छा आहे. आमच्या चर्चची मंडळी सतरा घरांची. त्यात एकटे राहणारे हेच. बायको गेल्यापासून त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. केस आरशात बघून स्वतः कापायचे, त्यामुळे डोक्याची मागची बाजू अर्धवट खुरपलेल्या वाफ्यासारखी दिसायची. चर्चमध्ये बाकं असताना स्टूल घरून आणायचे. नाताळच्या प्रीतिभोजनाला आपला डबा घेऊन यायचे आणि भर पंगतीत आपलीच भाकरी खायचे. एकदा पाळकांनी एकमेकांची ओझी वाहण्यावर प्रवचन केलं, तर दारातच त्यांना म्हणाले, “ज्याला उचलवत न्हाई त्याच्यासाठी हाय ते, पाळकसाहेब.”

शवपेटीही त्यांनी स्वतःच करून ठेवली होती, चांगली सागवानी. रिकामी कशाला पडू द्यायची, म्हणून तिच्यात कांदे भरलेले. खाली चार चाकं. चाकं कशाला, असं मी विचारलं.

“खांद्यासाठी कुणाच्या हातापाया पडायचं काम न्हाई, बाई. एकानं ढकलली तरी जाती.”

मी पोट धरून हसले होते.

कुणी कुणाला कोणत्या वारी भेटायला जायचं, ती मंडळीची यादी मी ठेवते. मामांकडे गेलेल्याला ते बसूच द्यायचे नाहीत. घरची विळी आणा, धार लावून देतो, म्हणत वाटेला लावायचे. शेवटी मला म्हणाले, “माझं नाव काढा. मी काय बिमार हाय का?” नाव काढता येत नाही म्हटल्यावर त्यांनीच तोड सुचवली. रोज सकाळी दाराबाहेर ‘ठीक आहे’ अशी रंगवलेली पाटी लावायची, संध्याकाळी आत घ्यायची. काही बिघडलंच तर पाटी उलटी करायची. मला ही व्यवस्था फार आवडली. शाळेत जाताना स्कुटीवरून पाटी वाचायची आणि यादीत खूण करायची. उतरायचीही गरज नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये गुरुवारी मी खूण केली. शुक्रवारी केली. शनिवारीही केली. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या स्टुलाची जागा मोकळी दिसली, तेव्हा जाऊन दार फोडलं. गुरुवारी पाटी लावून, कडी घालून आत वळताना पडले असावेत. डॉक्टर म्हणाले, दिवसभर तरी जीव असेल. बाहेर येऊन मी पाटी उलटी केली. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

दफनाला उरलेल्या सोळाही घरांतली माणसं आली. मामा असताना एवढी माणसं त्या दारात कधी गेली नव्हती, यादी माझ्याकडेच आहे. कांदे काढले, मामांना ठेवलं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पेटी ढकलत नेली. दफनभूमीच्या वाटेवर काळ्या मातीत दहा पावलांत चाकं रुतली. ढकलून हलेना, ओढून हलेना. मग तिघांनी तीन कोपरे खांद्यावर घेतले. चौथा मी घेतला. बायकांनी कशाला, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. मी वळून पाहिलं नाही.

लाकडाला अजून कांद्यांचा वास येत होता. वाटलं होतं तेवढं ओझं नव्हतं, मामा. चौघांत तर फारच कमी होतं.