साहेब, ऊभा रहो!

सांगतो, पण चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही हं! विषय गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या पार्लमेंटच्या निवडणुका!

तेव्हा मी बडोद्यात फतेगंजला कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि समाला सोसायटीत राहायचो. नवी कोरी मोटारसायकल घेतली होती. त्या सकाळी डोक्यात तासाचा विषय घोळत होता. तिथला खानदानी माणूस म्हणे स्वतः मतं मागत नसे, लोकच त्याला गळ घालायचे, "साहेब, उभे राहा!" मग मतदार लाकडी मंचावर चढून सगळ्यांदेखत नाव पुकारायचे. गुप्त मतदान वगैरे भानगडच नाही!

किक मारून गेटाबाहेर पडतो तोच मागून आरडाओरडा, "साहेब, ऊभा रहो! स्टेन्ड! स्टेन्ड!"

अहो, ऊर भरून आला माझा! सोसायटीच्या चेअरमनची, म्हणजे रमणकाकांच्या खुर्चीची, निवडणूक तोंडावर होती. आता गुजरातीत 'ऊभा रहो' म्हणजे 'थांबा' सुद्धा, हे बडोद्यात जन्मलेल्या मला ठाऊक नव्हतं? होतं की! पण इंग्रजीतूनही तेच सांगतायत म्हटल्यावर? मागे न बघता ऐटीत हात उंचावला आणि पहिल्याच वळणावर धाडकन आपटलो. रस्त्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

घरी बायको गुडघ्याला हळद लावत होती. म्हटलं, "लोकांचा फार आग्रह आहे. चेअरमनला उभा राहतोय."

"रमणकाकांविरुद्ध? अहो, काकी गेल्यापासून त्या माणसाला दुसरं आहे काय? सकाळी उठून सोसायटीची पाण्याची मोटर सुरू करायची, एवढ्यावर जगतायत ते."

"लोकशाहीत भावनेला थारा नसतो," मी म्हणालो. काय ती अक्कल! आज मला कुणी असं बोललं तर थोबाडीत देईन.

मत मागायला कुणाच्या दारी गेलो नाही. वर सभेत हट्ट धरला, मतदान इंग्लंडसारखं उघड हवं!

"साहेब कहे एम," रमणकाका म्हणाले. साहेब म्हणतील तसं!

एकेक जण उठला. "रमणकाका." "रमणकाका." आमची ही उठली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रमणकाका."

मी सभ्यपणा म्हणून स्वतःला मत दिलं नाही. शेवटी काका उठले, डोळे पुसले.

"मारो मत साहेबने."

मला मिळालेलं ते एकुलतं एक मत. ज्याची खुर्ची ओढायला निघालो त्याचं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! काकांच्या पायांना हात लावला आणि तोंड लपवायला गाडी काढली.

मागून पुन्हा तीच हाळी. "साहेब, ऊभा रहो! स्टेन्ड!"

"अरे, आता कशाला उभा राहू?" मी खेकसलो.

रमणकाका धापा टाकत आले. वाकून त्यांनी माझ्या गाडीचं खाली राहिलेलं साइड स्टँड वर केलं.

"त्या सकाळी पण हेच सांगत होतो ने, साहेब. सगळ्यात जोरात तर मीच ओरडलेलो!"